विहीर की बोअरवेल?

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्याकडे शेती करणाऱ्या चुलतभावाने विचारले की ओलितासाठी विहीर खणावी की बोअर मारावी. पश्चिम विदर्भातील काळा पाषाण स्वतः फारसे पाणी धरत नाही. पावसाचे पाणी वरच्या मुरमात मुरते आणि पुढे भेगांतून व दोन थरांमधल्या सांध्यांतून उताराकडे सावकाश सरकते.

विहीर रुंद असल्यामुळे चहूबाजूंचे झरे तिला मिळतात, रात्रभर पाणी साठते आणि वेळच्या वेळी गाळ काढल्यास ती पिढ्यान्‌पिढ्या चालते; मात्र खोदकाम आणि बांधकाम यांत महिने जातात, खर्चही मोठा असतो आणि उन्हाळ्यात ती आटू शकते. बोअर एकदोन दिवसांत होते, पण त्या अरुंद छिद्राला भेग लागली तरच पाणी मिळते. दोनशे फुटांपर्यंत नुसती कोरडी भुकटी निघताना मी पाहिले आहे, आणि तो पैसा परत येत नाही. खोलवरचे पाणी लवकर भरूनही निघत नाही.

पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या भागात, मात्र दोन्हींआधी पाण्याचा खारेपणा तपासावा.

नाल्याकाठी मुरूम जाड असेल आणि हरभरा, गहू भिजवायचा असेल तर विहीरच घ्यावी. घरापुरते आणि गुरांपुरते पाणी हवे असेल, किंवा जागा तोकडी असेल, तर बोअर पुरेशी आहे.