कालवणाच्या आधी वाचायची पाटी

निफाडहून नांदूर मधमेश्वरकडे जाताना, पक्षी अभयारण्याच्या थोडे अलीकडे, उसाच्या दोन शेतांमध्ये पत्र्याच्या छपराची एक घरगुती खानावळ आहे. तिला नाव नाही. गोड्या पाण्यातील माशांचे कालवण आणि चुलीवरची भाकरी एवढीच तिची ओळख. गेल्या वर्षभरात मी तिथे चार वेळा जेवलो, तीनदा हिवाळ्यात आणि एकदा जूनच्या अखेरीस. चारही वेळचा अनुभव एकत्र करून हा अभिप्राय लिहीत आहे. नाशिककर मासे खातो तेव्हा बहुधा मुंबईहून रात्री बर्फात भरून आलेला बांगडा, सुरमई नाही तर पापलेट खातो. गोदावरी, दारणा, कादवा या आपल्याच नद्यांचा मासा त्याच्या ताटात क्वचित येतो आणि आलाच, तर तो कुठून आला हे विचारण्याची पद्धत नाही. या खानावळीत ते विचारावेच लागत नाही.

दाराशेजारी शाळेतल्यासारखा एक काळा फळा टांगलेला असतो आणि त्यावर रोज सकाळी खडूने माशाचे नाव आणि त्यासमोर त्याचे पाणी लिहिलेले असते. डिसेंबरमध्ये मी गेलो त्या दिवशी फळ्यावर होते: ‘मरळ – पालखेड धरण. वाम – दारणा, सांगवीच्या वर. रोहू – शेततळे. झिंगे – नाहीत.’ खानावळ चालवणाऱ्या काकूंचे माहेर आणि सासर दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी आहे. अभयारण्याच्या हद्दीतला मासा त्या घेत नाहीत. धरणातला मासा परवाना असलेल्या मच्छीमारांकडूनच घेतात आणि घेताना कल्ला उचलून त्याचा लाल रंग पाहतात. गिऱ्हाइकाने मागितले, तर त्यालाही दाखवतात. टोपलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवलेली मरळ त्यांनी मला काढून दाखवली, तेव्हा ती अजून शेपूट हलवत होती.

आता जेवणाविषयी. मरळीचे कालवण ही इथली सर्वांत चांगली गोष्ट आहे. कांदा-खोबरे चुलीतच भाजून पाट्यावर वाटलेले, त्यात घरचा काळा मसाला, आणि रस्सा असा की भाकरी बुडवल्यावर लगेच विरघळत नाही, तर कड धरून राहते. मरळीला काटे कमी असल्यामुळे लहान मुलांनाही ती देता येते. तुकड्या मोठ्या होत्या आणि मांस घट्ट होते. बर्फात चार दिवस राहिलेल्या माशाला येणारा पिठूळपणा त्यात अजिबात नव्हता. वाम कातडी सोलून, हळद-मीठ-लसूण लावून तव्यावर कमी तेलात भाजतात. ती मला कालवणापेक्षाही आवडली, पण ती दर वेळी मिळेल याची खात्री नाही. शेततळ्यातला रोहू मात्र साधारण आहे. त्याला चिखलाचा किंचित वास येतो आणि मसाला जास्त घालून तो झाकण्याचा प्रयत्न जाणवतो. मरळ थाळी २८० रुपये, वाम थाळी ३५० रुपये, रोहू १८०. भाकरी हव्या तितक्या. नाशिक शहरातील दरांच्या मानाने हे वाजवी आहे. उणिवाही सांगितल्या पाहिजेत. जेवण यायला एकदा जवळपास तास लागला, हात धुण्याच्या जागी पाणी साचून घसरडे झाले होते, आणि वयस्कर माणसांना बसण्यासाठी पाठ टेकता येईल अशी एकही खुर्ची नाही.

जूनच्या अखेरीस मी पाहुण्यांना घेऊन गेलो, तेव्हा फळ्यावर फक्त रोहू आणि चिलापी होती. पहिला मोठा पाऊस होऊन आठ दिवस झाले होते. ज्यांना गोड्या माशांची आवड आहे, त्यांना या दिवसांचे महत्त्व सांगायला नको. नदीला नवे पाणी आले की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने, ओढ्या-नाल्यांत आणि पाणी चढलेल्या शेतांत अंडी घालायला निघतात. हे चढणीचे मासे पोटात गाभोळी घेऊन येतात, उथळ पाण्यात सहज सापडतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर सगळीकडे झुंबड उडते. पाहुण्यांपैकी एकाने गाभोळीची चौकशी केली. काकूंनी सरळ सांगितले, “दादा, पोटुशी मासोळी आम्ही या दोन महिन्यांत चुलीवर ठेवत नाही. दिवाळीनंतर या, मरळ घाला म्हणाल तेवढी घालते.”

मरळीच्या बाबतीत त्यांचे म्हणणे आणखी नेमके होते. मरळीची पिल्ले पाण्याच्या पृष्ठभागाजवळ लालसर झुबक्याने फिरतात आणि नर-मादी त्यांच्या खालीच राहून राखण करतात. झुबका दिसला की खाली मोठा मासा आहे हे मासेमाऱ्याला कळते आणि तो तिथेच गळ किंवा जाळे टाकतो. राखण करणारा मासा गेला, की ती पिल्ले एका दिवसात इतर माशांच्या आणि पाणपक्ष्यांच्या पोटात जातात. चिलापीबद्दल मात्र त्यांना असा विचार करावा लागत नाही. मूळची आफ्रिकेतील ही जात आपल्याकडच्या पाण्यात इतकी फोफावली आहे की ती वर्षभर खाल्ली तरी चालेल, असे त्यांचे मत आहे, आणि मलाही ते पटते.

मी पंचवीस वर्षे वकिली केली आहे. त्या दिवशी परतताना मनात आले की, ही बाई स्वतःच्या धंद्याचा दोन महिन्यांचा तोटा सोसून जे करते आहे, ते खरे तर कायद्याने करायला हवे होते. कायदे नाहीत असे नाही. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरवला आणि त्याला दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड सांगितला. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने नदीत घाण सोडण्याला मनाई केली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे कलम २९ तर फार चांगले आहे. अभयारण्यातील प्राण्यांच्या अधिवासाची नासधूस करणे, एवढेच नव्हे तर अभयारण्यात येणारे किंवा तेथून बाहेर जाणारे पाणी परवानगीशिवाय वळवणे, अडवणे किंवा वाढवणे, हेही त्यात निषिद्ध आहे. पण हे संरक्षण अभयारण्याच्या हद्दीला येऊन थांबते. मासा हद्द ओळखत नाही. तो राहतो एका ठिकाणी आणि अंडी घालायला जातो दुसरीकडे.

हद्दीबाहेरच्या नदीची स्थिती काय आहे? २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांनी पाणथळीची जी व्याख्या केली आहे, तिच्यातून नदीचे पात्र वगळले आहे, आणि सिंचनासाठी बांधलेले जलसाठेही वगळले आहेत. म्हणजे फळ्यावर ज्या पाण्यांची नावे लिहिलेली असतात, त्यांपैकी जवळपास एकही या नियमांच्या कक्षेत येत नाही. दारणेच्या एखाद्या उथळ, गोट्यांच्या पट्ट्यातून रात्री वाळू उपसली गेली, तर कारवाई बहुधा जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली होते. शासनाचे गौण खनिज चोरले गेले, महसूल बुडाला, हा तो गुन्हा. त्या गोट्यांमध्ये माशांची अंडी होती, आणि पट्टाच गेल्यामुळे पुढच्या वर्षी तिथे मासा येणार नाही, या नुकसानीला पंचनाम्यात रकाना नसतो. तीच गोष्ट आवर्तनाची. धरणातून सिंचनाचे पाणी सुटते तेव्हा नदी भरून वाहते आणि आवर्तन बंद झाले की काठाची उथळ जागा दोन-तीन दिवसांत उघडी पडते. पाणी कोणाला किती, यावर नाशिक-नगर-मराठवाडा असा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. पात्रातच किती पाणी राहू द्यायचे, हे त्या वादात कोणी मांडत नाही.

दारणेचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे. देवळालीजवळ याच नदीत सापडलेल्या एका लहानशा माशाचे वर्णन होरा आणि मिश्रा या शास्त्रज्ञांनी १९३८ साली केले. त्याचे शास्त्रीय नाव पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रॅटेरी, आणि जगभर तो देवळालीच्याच नावाने ओळखला जातो. वाहत्या, स्वच्छ पाण्यात दगडगोट्यांच्या आधाराने राहणाऱ्या कुळातला हा मासा आज अतिसंकटग्रस्त मानला जातो. नांदूर मधमेश्वरला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले आणि ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. त्या नोंदीत पक्ष्यांबरोबर या माशाचेही नाव आहे. आपल्या जिल्ह्यातील किती लोकांना हे ठाऊक असेल? हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) पाहायला अभयारण्यात गर्दी होते, ती व्हायलाच हवी. पण बंधाऱ्यामागच्या साचलेल्या पाण्याला संरक्षण देऊन वाहत्या पाण्यातला मासा वाचणार नाही. त्याच्यासाठी वरच्या अंगाची नदी राखावी लागेल.

हे अशक्य नाही, कारण महाराष्ट्रानेच ते एकदा करून दाखवले आहे. सिंधुदुर्गातील आंबोली येथे हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळ, मंदिराच्या कुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी ही माशाची नवी जात सापडली आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. जेमतेम २.११ हेक्टरांची जागा, आणि तीही एका बोटभर माशासाठी. हा अधिकार २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या कलम ३७ ने राज्याला दिला आहे आणि तो स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून वापरायचा असतो. दारणेच्या आणि कादवेच्या अंडी घालण्याच्या मोजक्या पट्ट्यांना हेच कलम का लावू नये? एवढ्या मोठ्या नदीचे दोन-चार डोह आणि त्यांच्यावरचे उथळ खडक नकाशावर नावानिशी आखले, जून ते ऑगस्ट तिथे जाळे आणि वर्षभर वाळूउपसा बंद ठेवला, तर कोणाचीही शेती अडणार नाही. मासेमारांचा रोजगार बुडेल ही भीती मात्र खरी आहे, आणि बंदीच्या काळात त्यांना भरपाई मिळण्याची तरतूद त्याच आदेशात असली पाहिजे. अन्यथा अशा संरक्षणाचा सगळा भार काकूंसारख्या कुटुंबांवर पडेल.

शेवटच्या भेटीत, दुपारची गर्दी ओसरल्यावर, मी त्यांना जैवविविधता नोंदवहीबद्दल सांगितले. याच कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. त्या नोंदवहीत कोणता मासा कोणत्या जागी, कोणत्या नक्षत्रात अंडी घालतो, हे लिहिले गेले, तर उद्या वारसा स्थळाची मागणी करताना तोच पहिला पुरावा ठरतो. काकूंनी हात पुसले, फळा उतरवून उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्या सांगत गेल्या तसे मी खडूने लिहीत गेलो. मृगात कोण चढते, आर्द्रात कोण, कुठल्या डोहात मरळ पिल्ले काढते, कुठला खडक दहा वर्षांपूर्वी होता आणि आता नाही. फळा भरला, तेव्हा त्यांच्या मुलाने मोबाईलवर त्याचा फोटो काढला. पुढच्या ग्रामसभेसाठीचा अर्ज मी लिहून देणार आहे.

खानावळ सकाळी अकरा ते दुपारी तीन उघडी असते, सोमवारी बंद. रात्रीचे जेवण मिळत नाही. वाम हवी असल्यास आदल्या दिवशी कळवावे. रविवारी पक्षी पाहून परतणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून बाराच्या आत पोहोचलेले बरे. पैसे रोख द्यावे लागतात, कारण तिथे मोबाईलला रेंज क्वचितच असते. जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल, तर फक्त रोहू आणि चिलापी मिळेल हे सोबतच्यांना आधीच सांगून ठेवावे.