सोप्या इंग्रजीतल्या जुन्या कादंबऱ्या: पावसाळ्यापासून वाचतोय, त्याचा अनुभव

मराठी मीडियममधून शिकलेल्या आणि आता इंग्रजी वाचायला बसलेल्या लोकांसाठी लिहितेय. मी आणि माझी सातवीतली पोरगी, दोघी अमळनेरला बसून गेल्या पावसाळ्यापासून ऑक्सफर्ड बुकवर्म्सची पुस्तकं वाचतोय. जुन्याच प्रसिद्ध कादंबऱ्या, पण सोप्या इंग्रजीत परत लिहिलेल्या. यात सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या पायऱ्या असतात, त्यांना स्टेज म्हणतात: सगळ्यात सोप्या स्टार्टरमध्ये साधारण 250 मूळ शब्द, स्टेज एकला 400, दोनला 700, तीनला 1000 आणि असं चढत चढत स्टेज सहाला 2500.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. स्टॅन्डवर, बुकस्टॉलवर जाड अक्षरात छापलेल्या स्वस्त 'अब्रिज्ड' क्लासिक्स मिळतात, त्यातल्या बऱ्याच नुसत्या कापून छोट्या केलेल्या असतात, भाषा मात्र तीच शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची, लांबलचक वाक्यं आणि ओळीला दोन-तीन अडणारे शब्द. नवशिक्या माणूस चार पानांत पुस्तक मिटतो आणि म्हणतो आपल्याला इंग्रजी जमत नाही. तसं नाहीये हो. आपल्याला पाहिजेत ग्रेडेड रीडर, म्हणजे ज्यात शब्द मोजून घेतलेले असतात आणि व्याकरणही लेव्हलप्रमाणे वाढतं. पाठीमागे स्टेज नंबर बघा, तो नसेल तर दोन पानं उभ्या उभ्या वाचून मगच पैसे द्या.

ही कल्पना आपल्याच भागात रुजली हे वाचून मला फार बरं वाटलं. मायकल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक ढाक्याला होते, 1920 च्या दशकात त्यांनी बंगाली मुलांसाठी असे रीडर बनवले. मुलांच्या पुस्तकात नवे शब्द एकदम गर्दी करतात म्हणून त्यांनी ते कमी केले, पसरवले आणि परत परत आणले. पुढे 1953 मध्ये त्यांची सुमारे 2000 नेहमीच्या शब्दांची यादी निघाली.

लेव्हल कशी निवडायची? अभ्यासकांचं म्हणणं असं की कोणाच्या मदतीशिवाय आरामात समजायला शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे पाहिजेत. म्हणजे पानावर चार-पाचच्या वर शब्द अडले की खालची स्टेज घ्या, त्यात कमीपणा काही नाही. मी बारावी सायन्स, तरी स्टेज एकपासून सुरू केलं आणि पोरीला स्टार्टर दिलं. डिक्शनरी लांब ठेवली. एखादा शब्द अडला तरी पुढे जायचं, तो तीन पानांनी परत येतो आणि तेव्हा आपोआप उमगतो.

आम्हाला सगळ्यात आवडलं ते स्टेज दोनचं रॉबिन्सन क्रूसो, जहाज फुटून बेटावर एकट्या अडकलेल्या माणसाची गोष्ट. मूळ कादंबरी 1719 ची. वाळूत एकाच पायाचा ठसा दिसतो तिथे पोरगी पुस्तक सोडेना, जेवायला हाका मारल्या तरी उठेना. त्यानंतर फ्रायडे आला, क्रूसो ज्याला वाचवतो आणि स्वतःचा नोकर करून ठेवतो तो माणूस. क्रूसोच त्याला हे नाव देतो, तर ती म्हणे "आई, त्याला त्याचं स्वतःचं नाव नव्हतं का? यानं विचारलंच नाही!" मग गुलामांच्या व्यापारावर आम्ही बराच वेळ बोललो. अशा जागा या पुस्तकांत येतात, मुलांसोबत वाचत असाल तर घाईने पुढे जाऊ नका.

आणि एक सवय आमच्याकडे लागली ती मी सगळ्यांना सांगते. रोज वाचलेलं सासूबाईंना अहिराणीत सांगायचं. त्या भाकरी टाकता टाकता विचारतात "मंग पुढे काय हुयनं?" आणि जे समजलं नसेल ते सांगताना लगेच अडतं, मग उठून परत ते पान बघावं लागतं. पुस्तकाच्या मागे दिलेल्या प्रश्नांपेक्षा मला हीच परीक्षा खरी वाटते.

फायदा काय झाला तर भूतकाळाची क्रियापदं पाठ न करता बसली, आणि शाळेची इंग्लिशमधली नोटीस आता पोरगी एका दमात वाचते. ऑडिओ मिळाला तर तोही ऐका, उच्चार सुधारतात. पण बोलणं यातून येत नाही, त्यासाठी बोलावंच लागतं. ऑफिसच्या मेलची भाषाही यात नाही. आणि मूळ लेखकाची भाषा यात उरत नाही, कथा उरते. फ्रँकेन्स्टाइन स्टेज तीनला मिळतं, घेतलंय, पण मूळ पुस्तक कधीतरी वाचायचंच आहे मला.

किमती पुस्तकाच्या जाडीच्या मानाने जास्त वाटतात, म्हणून जुनी कॉपी घ्यायला हरकत नाही. फक्त शेवटची शब्दार्थांची पानं जागेवर आहेत का ते बघा, आणि आधीच्या कोणी पेन्सिलने ओळीओळीवर मराठी अर्थ लिहिलेले असले तर मुलांच्या हातात द्यायच्या आधी खोडून काढा, नाहीतर नजर इंग्रजीवर थांबतच नाही, सरळ त्या अर्थावरच जाते.