नेक्सॉन ईव्ही मॅक्स: साताऱ्याच्या घाटांत बॅटरी किती वर्षे साथ देते?

2022 साली बाजारात आलेली टाटांची नेक्सॉन ईव्ही मॅक्स आमच्या घरी त्याच वर्षापासून आहे. साताऱ्यात कोणीही गाडीची चौकशी केली, की किमतीच्याही आधी एकच प्रश्न येतो: बॅटरी किती वर्षे काढेल? म्हणून हे परीक्षण मी मुख्यतः बॅटरीपुरतेच ठेवले आहे. आसने, स्क्रीन, आवाज या बाबतींत गाडी चांगली आहे, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

गाडीत 40.5 किलोवॉट-तासांची, द्रवाने थंड ठेवली जाणारी बॅटरी असून तिच्यावर 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत हमी आहे. आतील सेल लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे आहेत. निकेल-कोबाल्टच्या सेलपेक्षा हे वजनाला अधिक भरतात, मात्र पुन्हा पुन्हा भरणे आणि रिकामे होणे ते कितीतरी जास्त सोसतात. त्यामुळे ‘80 टक्क्यांच्या वर कधीच भरू नका’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला या गाडीला जसाच्या तसा लागू पडत नाही. या सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) बराच काळ जवळपास सपाट राहत असल्याने केवळ त्यावरून आत किती वीज उरली आहे हे यंत्रणेला नेमके कळत नाही. अधूनमधून घरच्या चार्जरवर सावकाश 100 टक्के भरल्यावरच ती सर्व सेल एका पातळीला आणते आणि आपला हिशेबही दुरुस्त करून घेते. एरवी रोजच्या वापराला 80 टक्के पुरतात. टाळायचे आहे ते एवढेच, की गाडी पूर्ण भरून दिवसचे दिवस उन्हात उभी ठेवू नये, कारण भरलेली अवस्था आणि उष्णता एकत्र आल्या की सेलमधील नको असलेल्या रासायनिक क्रिया वेग धरतात आणि उपयोगी पडणारे लिथियम कायमचे अडकून बसते. मोठ्या सुट्टीत गाडी बंद राहणार असेल, तर ती निम्म्याच्या आसपास भरून सावलीत लावावी.

मे महिन्यात पुण्याहून दुपारी निघून खंबाटकी चढून घरी आल्यावर आम्ही लगेच चार्जर लावत नाही. रात्री हवा गार झाल्यावर लावतो. शीतन यंत्रणा आपले काम करतेच, पण तिला कमी राबवावे लागले तर ते बॅटरीच्या हिताचेच आहे.

घाटात मात्र ही गाडी मनापासून आवडते. यवतेश्वराचा घाट उतरताना रीजन, म्हणजे वेग कमी करताना वीज परत बॅटरीत भरणारी सोय, तिसऱ्या पातळीवर ठेवले, तर ब्रेकवर पाय क्वचितच जातो आणि खाली पोहोचेपर्यंत चार्जचा आकडा घसरण्याऐवजी किंचित वर सरकलेला दिसतो. मात्र पाचगणीला मुक्काम असेल, तर रात्री गाडी काठोकाठ भरू नये. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज साठवायला जागाच नसते, त्यामुळे सकाळी पसरणी घाटात रीजन जवळजवळ काम करत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वर राहणाऱ्या आणि रोज वाईत उतरणाऱ्या लोकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

जलद चार्जिंगची भीती अनेकांना वाटते. लांबच्या प्रवासात ते खुशाल वापरावे. पण घरी 15 अँपिअरचा सॉकेट बसवण्याची सोय नाही आणि रोज महामार्गावरच्या चार्जरवरच अवलंबून राहावे लागणार आहे, अशा कुटुंबाला मी ही गाडी सुचवणार नाही. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. एखाद्या सकाळी गाडी अजिबात जागी झाली नाही, तर मोठी बॅटरी संपली असे समजून घाबरून जाऊ नये. बहुतेक वेळा बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असते, आणि ती बदलण्याचा खर्च पेट्रोल गाडीइतकाच असतो.

बॅटरीची खरी अवस्था जोखण्यासाठी आम्ही सॉकेटला वेगळा वीजमीटर जोडला आहे. 20 टक्क्यांपासून 100 टक्क्यांपर्यंत भरताना नव्या बॅटरीत सुमारे 32 युनिट जातात आणि चार्जरमधील घट धरून मीटरवर साधारण 36 युनिट पडतात. आमच्या मीटरवरचा आकडा पहिल्या वर्षापेक्षा थोडा उतरला आहे, पण रोजच्या वापरात तो फरक जाणवत नाही, आणि या वयाच्या बॅटरीकडून माझी याहून अधिक अपेक्षा नव्हती. वापरलेली गाडी घेणाऱ्यांनीही हीच चाचणी मागावी. किलोमीटरच्या आकड्यावर किंवा ‘बॅटरी एकदम ओके’ या तोंडी शब्दावर भाव ठरवू नये; एक रात्र गाडी मीटरवर लावू द्यायला विकणारा तयार नसेल, तर दुसरी गाडी पाहावी.