जुनी डिझेल गाडी घ्यायचीय, इंजिन १.५ लिटरचं की २.० चं?

रोजचं फिरणं गावातल्या गावात आणि गाडीत दोघंतिघंच असतील तर १.५ बास झालं, इंजिन हलकं, अ‍ॅव्हरेज चांगलं, क्लचचं कामही सहसा स्वस्तात होतं. पण पाच माणसं, वर सामान आणि समोर चढ आला की तेच इंजिन रडायला लागतं, कमी आरपीएमला टर्बो लॅग असतो (टर्बो जोर द्यायला उशीर लावतो) त्यामुळे सारखा गिअर पाडा. २.० ला टॉर्क (ओढायची ताकद) जास्त, हायवेला १०० वर पण निवांत चालते, त्यामुळे लांबचं रनिंग असेल तर मी डोळे झाकून २.० घेईन.

फक्त डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली) २.० कोणी नुसती दोनदोन किलोमीटरला वापरली असेल तर नको रे बाबा (१.५ लाही हे लागू आहेच म्हणा), फिल्टर जळून साफ व्हायला एक्झॉस्ट ६०० डिग्रीच्या आसपास तापावा लागतो, छोट्या फेऱ्यांत तो तापतच नाही, मग तापवायला इंजिन जे जास्तीचं डिझेल सोडतं ते न जळता ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढून बघा, लेव्हल मॅक्सच्या वर आणि डिझेलचा वास आला की तिथूनच परत फिरायचं. आणि हो, चालू करायच्या आधी बोनेटला हात लावा, गरम लागलं तर मालकाने कोल्ड स्टार्ट (थंड इंजिन चालू होताना दिसणारा त्रास) लपवलाय समजा.