नवतप्यात गाडी रुसली आणि ‘पंप काम’चे ७,२०० रुपये गेले

माझी २००८ ची पेट्रोल हॅचबॅक. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू. पण नवतप्यात (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस), ४५ डिग्रीत, नागपुरात सीताबर्डीला दहा मिनिटं उभी केली की परत आल्यावर सेल्फ नुसता फिरायचा, इंजिन काही पकडायचं नाही. अर्धा तास सावलीत थांबा, जणू काही झालंच नाही अशी सुरू. बरं, तेही रोज नाही.

घराजवळचा गॅरेजवाला म्हणाला, “पंप गरम होऊन राहिला भाऊ, बदलावा लागते.” पंप म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा. संध्याकाळी गेलो तर पहिल्याच सेल्फमध्ये सुरू. खुशीत ७,२०० मोजले. आठ दिवसांनी वर्धा रोडवर पुन्हा तेच. आता म्हणे प्लगला करंट देणारी कॉइल, ३,४००. पुन्हा संध्याकाळी सुरू. तिसऱ्यांदा त्याने ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेल्याचं सांगितलं. १८,०००, “तुमच्यासाठी सोळात करून देतो.”

ही गाडी थंड झाली की कोणी हात न लावताही सुरू होते, मग संध्याकाळी सुरू झाली यात दुरुस्ती कुठली? हे त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मला १०,६०० घालवल्यावर कळलं.

मेहुण्याने वाडीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेलं. तो म्हणाला, “बंद पडू द्या, मग बघतो.” गाडी खूप वेळ उन्हात चालू ठेवली, बंद केली, पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला. नाहीच. प्लग काढून बघितला, करंट नाही. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद घूं आवाज येत होता, म्हणजे पंप चालतोय. मग त्याने गिअरबॉक्सजवळच्या क्रँक सेन्सरवर माठातलं तांब्याभर पाणी हळूहळू ओतलं. पुढच्याच सेल्फला गाडी सुरू!

या सेन्सरात केसाएवढ्या तारेची गुंडाळी असते. जुनी झाली की गरम झाल्यावर ती तुटते, थंड झाल्यावर पुन्हा जुळते. मग इंजिन फिरतंय हेच कॉम्प्युटरला कळत नाही, आणि तो ना करंट देतो ना पेट्रोल. नवा सेन्सर १,३५०, मजुरी ३००.

“नवा पंप दाखवा बरं,” मिस्त्री म्हणाला. मागची सीट उचलली. पंपाच्या झाकणाचे स्क्रू गंजलेले, वर धुळीचा थर, आणि त्या थरात दोन वर्षांपूर्वीच्या रामटेकच्या ट्रिपमधले फुटाणे रुतलेले. (कॉइल मात्र खरंच नवी निघाली. गरज नव्हती, एवढंच.)

तुमचीही गाडी अशीच रुसत असेल तर ती रुसलेली असतानाच तपासून घ्या, आणि काढलेला पार्ट डिकीत टाकायला आधीच सांगून ठेवा. मी जुना पंप मागितला नाही, नव्याचा डबा पाहिला नाही, पक्कं बिलही घेतलं नाही. हातात होती फक्त एक चिठ्ठी. ती घेऊन गॅरेजवाल्याशी भांडायला गेलो. त्याने चष्मा लावून ती शांतपणे वाचली.

“पंप काम लिहिलं आहे भाऊ. नवा पंप कुठं लिहिला?”