व्हिंटेज पोर्ट सुचवायची तर कोणती? घराणं, वर्ष आणि बाटली उघडायचा दिवस

व्हिंटेज पोर्ट (एकाच चांगल्या वर्षाच्या द्राक्षांची, बाटलीत मुरणारी गोड पोर्तुगीज वाइन) सुचवताना आधी विचारायचं ते हे: बाटली कधी उघडणार? ‘सगळ्यात भारी कोणती’ असं कुणी विचारलं की त्याला हमखास 2011 किंवा 2016 या वर्षाची सांगितली जाते. तो ती आणतो, त्याच महिन्यात उघडतो आणि हिरड्या आवळणारं टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तुरट अंश) तोंडात घोळवत बसतो. वाइन अव्वलच असते, फक्त वीस वर्षं लवकर उघडलेली असते.

ही वाइन होते कशी हे माहीत असलं की निवड सोपी जाते. उत्तर पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यातली द्राक्षं, त्यात तुरिगा नासिओनाल आणि तुरिगा फ्रांका महत्त्वाची. रस दोन-तीन दिवस आंबतो आणि साखर साधारण निम्मी उरलेली असतानाच त्यात 77 टक्के अल्कोहोलचं द्राक्षांचं स्पिरिट ओततात. ढोबळ प्रमाण 435 लिटर रसाला 115 लिटर. यीस्ट मरतं, गोडवा टिकतो, अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास राहतं. व्हिंटेजसाठी निवडलेली वाइन जेमतेम दोन-तीन वर्षं पिंपात राहते आणि न गाळता बाटलीत जाते. पुढचं सगळं मुरणं बाटलीतच होतं, म्हणून तळाशी जाड गाळ बसतो. चांगलं पीक आलं तरच पोर्ट बनवणारी घराणी व्हिंटेज ‘डिक्लेअर’ करतात, म्हणजे त्या वर्षाची व्हिंटेज पोर्ट काढणार असं जाहीर करतात, दशकातून सरासरी तीनदा.

घराण्यांचा स्वभाव

टेलर्स आणि फोन्सेका एकाच कंपनीच्या, पण चवीला दोन टोकं. टेलर्सचा कणा दोरूच्या वरच्या अंगाला असलेल्या वार्जेलासच्या मळ्यातला. वाइन ताठ, टॅनिन घट्ट, फळ आतल्या आत दडलेलं. चांगल्या वर्षातली टेलर्स पंचविशीच्या आत उघडणं म्हणजे पैसे वाया घालवणं. फोन्सेका आकाराने तेवढीच मोठी, पण भरगच्च आणि रसरशीत. तरुणपणीही थोडीफार दाद देते. दोन्ही परवडत असतील आणि वाट बघायची तयारी नसेल, तर फोन्सेका.

ग्रॅहम्स आणि डाऊज ही जोडी सिमिंग्टन कुटुंबाची. ग्रॅहम्स मोठ्या घराण्यांत सर्वांत गोड आणि मऊ. डाऊजचं आंबवण किंचित जास्त चालू देतात, त्यामुळे शिल्लक साखर कमी आणि शेवट कोरडा. जेवणानंतर गोड नको म्हणणाऱ्याला डाऊज द्यावी. गोव्यात ‘पोर्ट वाइन’ म्हणून मिळणारी गोड लाल वाइन पिऊन ‘मला पोर्ट आवडते’ म्हणणाऱ्याला मात्र ग्रॅहम्सच. गोव्यातल्या त्या वाइनचा दोरूशी संबंध नाही आणि ती मुरवायची वाइनही नव्हे, पण जिभेला गोडाची सवय लागलेली असते. अशा माणसापुढे टेलर्स ठेवली तर तो नाक मुरडणारच.

वॉरेज हे 1670 पासूनचं जुनं ब्रिटिश घराणं. बांधा हलका, वास फुलांचा, आणि दर्जाच्या मानाने किंमत बहुतेक वेळा शहाण्यासारखी. किंता दो नोव्हाल या घराण्याच्या नेहमीच्या व्हिंटेजचा विचार जरूर करावा. कलम न केलेल्या वेलींच्या दोन-अडीच हेक्टरांतून निघणारी तिथली ‘नासिओनाल’ मात्र शिफारशीच्या यादीत धरू नये. ज्याला ती परवडते तो सल्ला विचारायला येत नाही.

वर्षं

1963 आणि 1970 ही दोन्ही थोर वर्षं. 1963 चं नाव मोठं म्हणून भावही चढा; 1970 बरीच वर्षं तिच्या सावलीत राहिली, म्हणून आमचं मत 1970 कडे झुकतं. पण या वयाला वर्षापेक्षा ती विशिष्ट बाटली कुठे, कशी राहिली याला जास्त किंमत आहे. 1977 चा सुरुवातीला फार गाजावाजा झाला, पुढे वाइन असमान निघाल्या. टेलर्स, फोन्सेका, डाऊज घ्याव्यात. अनोळखी लेबलांच्या वाटेला जाऊ नये. कॉकबर्न्स या घराण्याने ते वर्ष डिक्लेअरच केलं नव्हतं.

आज उघडायची आणि एकच सांगायची, तर आमचं उत्तर 1985 ची फोन्सेका. टॅनिन विरघळलेलं, फळ अजून जिवंत, आणि अंजीर, सुका मेवा, तंबाखूचं पान असे वयाचे वास आलेले. त्याच वर्षाची ग्रॅहम्स तिच्या पाठोपाठ. 1985 मध्ये सगळ्यांचंच जमलेलं नाही, त्यामुळे या वर्षात घराणं बदलून ‘तेच वर्ष आहे ना’ असं समाधान करून घेऊ नये.

पुढे थोडा घोळ आहे. सिमिंग्टन घराण्यांनी 1991 डिक्लेअर केलं, टेलर्स आणि फोन्सेकाने 1992. दुकानदाराकडे ‘टेलर्स 1991’ मागितली तर तो वार्जेलासची एकल मळ्याची बाटली पुढे करील. ती फसवणूक नव्हे; कारण पुढे ‘कमी पैशात तेच सुख’ मध्ये आहे. 1994 मात्र सरसकट भक्कम. पिकलेलं फळ, भरपूर भरीवपणा, आणि तिशी गाठल्याने आता प्यायला योग्य, ठेवायलाही. 1985 ची बाटली खात्रीच्या जागेतली नसेल तर आम्ही बिनदिक्कत 1994 वर जातो.

2000 अजून आवळलेली आहे, पण डिकँटरमध्ये (वाइन ओतून हवेवर ठेवायच्या भांड्यात) चार-पाच तास मिळाले तर खुलते. 2003 च्या उन्हाळ्याने युरोप भाजून काढला. त्या वर्षीच्या वाइन गडद, गोडसर, आणि 2000 च्या आधी तयार होतील अशा. 2007 सडपातळ आणि नेटकी.

2011 हे या शतकातलं पहिलं खरंखुरं मोठं वर्ष. त्या वर्षीची डाऊज ‘वाइन स्पेक्टेटर’ने 2014 ची वर्षातली सर्वोत्तम वाइन ठरवली, त्यामुळे तिचा भाव वेगळाच आहे. 2016 आणि 2017 अशी सलग दोन वर्षं बहुतेक सगळ्यांनी डिक्लेअर केली, हे क्वचितच घडतं. 2016 रेखीव आणि ताजी. 2017 मध्ये उन्हाने काढणी लवकर आली, वाइन दाट आणि दणकट. मुलाच्या जन्माची म्हणून ठेवायची असेल तर दोन्ही छान. मात्र व्हिंटेज पोर्ट पाचव्या-सहाव्या वर्षापासून बराच काळ मुकी होते: फळ गेलेलं, वय अजून आलेलं नाही. त्या टप्प्यात चव घेऊन तिच्यावर फुली मारू नये.

कमी पैशात तेच सुख

ज्या वर्षी घराणं डिक्लेअर करत नाही, त्या वर्षी त्याच्या मुख्य मळ्याची वाइन वेगळी भरतात: टेलर्सची वार्जेलास, ग्रॅहम्सची मालव्हेदोस, डाऊजची बोंफिं, वॉरेजची काव्हादिन्या. फोन्सेकाची ‘गिमाराएन्श’ याच पंगतीतली. करण्याची पद्धत तीच, किंमत बरीच खाली, आणि तयारही लवकर होतात. पहिल्यांदाच व्हिंटेज पोर्ट पिणाऱ्याला 1998 ची वार्जेलास किंवा 1999 ची मालव्हेदोस सुचवावी.

पन्नाशीच्या किंवा चाळिशीच्या वाढदिवसाला जन्मवर्षाची बाटली हवी असते, तिथे नशीब लागतं. 1975 हलकं वर्ष, बहुतेक बाटल्या उतरणीला लागलेल्या. 1980 आणि 1983 चालतील, 1985 वाला भाग्यवान. 1986 ते 1990 मध्ये सार्वत्रिक डिक्लेरेशन नाही. तेव्हा कोल्हेइता घ्यावी: एकाच वर्षाची, पण किमान सात वर्षं पिंपात मुरलेली टॉनी (तांबूस रंगाची पोर्ट). कोप्के आणि नीपोर्ट या घराण्यांच्या चांगल्या असतात. लेबलवर बाटलीबंद केल्याचं वर्षही असतं, ते जितकं अलीकडचं तितकं बरं. गाळ नाही, डिकँटिंग नाही, उघडल्यावर फ्रिजमध्ये काही आठवडे टिकते.

घेताना आणि उघडताना

जुन्या बाटलीत वाइनची पातळी मानेत किंवा मानेच्या बुडाशी असावी. खांद्याखाली गेली असेल किंवा कॅप्सूलखालून (बुचावरच्या वेष्टनाखालून) चिकट ओघळ आलेला असेल तर बूच हरलेलं आहे, सोडून द्यावी. साठवण 12 ते 14 अंशांवर, आडवी, अंधारात. नागपूरच्या मे महिन्यात कपाटात ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यात शिजते, म्हणून वाइन फ्रिज नसेल तर प्यायच्या वर्षीच विकत घ्यावी. बऱ्याच जुन्या बाटल्यांवर पांढऱ्या रंगाचा फटकारा दिसतो. तो डाग नव्हे, आडवी ठेवताना वर यायच्या बाजूची खूण आहे. गाळ त्याच्या समोरच्या अंगाला धरलेला असतो.

उघडण्याआधी बाटली किमान 24 तास उभी ठेवावी. तिशीपुढचं बूच साध्या स्क्रूने मधोमध तुटतं, दोन पात्यांचं ओपनर बाजूने हळूहळू सरकवलं तर सहसा सलग निघतं. तुकडे पडलेच तर नरसाळ्यावर धुतलेलं, साबणाचा वास नसलेलं मलमल धरावं. मानेमागे टॉर्च ठेवून एकाच धारेत, न थांबता ओतावं. मध्ये बाटली सरळ केली की गाळ उसळतो आणि सगळी वाइन गढूळ, कडवट होते. मानेत काळी रेघ दिसली की थांबायचं. चाळीसएक मिलिलिटर वाया जातात, जाऊ द्यावेत.

1970 च्या आसपासची वाइन ओतल्यावर तासाभरात प्यायला घ्यावी आणि त्याच संध्याकाळी संपवावी. 1985 आणि 1994 ला दोन-तीन तास हवा द्यावी. दुसऱ्या दिवशीही त्या छान लागतात. तापमान 16 ते 18 अंश, म्हणजे आपल्याकडे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच. 60 मिलिलिटरच्या हिशोबाने एका बाटलीचे अकरा-बारा पेले होतात. प्यायला दोघंच असाल तर पूर्ण बाटलीचा हट्ट नको, 375 मिलिलिटरची अर्धी शोधावी. नाहीच मिळाली तर न गाळलेली लेट बॉटल्ड व्हिंटेज आणावी: चार ते सहा वर्षं पिंपात राहिलेली, लगेच पिण्याजोगी, आणि उरली तरी तीन-चार दिवस तग धरणारी.