.२२, .३२ की नऊ एमएम: चार वर्षं वापरून झाल्यावर माझं मत

परवा बेळगुंदीला एका लग्नात पंगतीला बसलो होतो, तर शेजारच्या पाव्हण्यानं भात कालवता कालवता हळूच विचारलं, "काका, तुमच्याकडं रिव्हॉल्वर हाय म्हणे. मग मला सांगा की, नऊ एमएम भारी का पंचेचाळीस?" मी म्हटलं आधी आमटी घे गा. पण हा प्रश्न मला महिन्यातनं दोनदा तरी कोणतरी विचारतंच, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो. माझा धंदा काजूचा, माल अर्धा चंदगडकडचा आणि अर्धा खानापूर तालुक्यातला, सीझनला रोख घेऊन रात्री अपरात्री फिरावं लागतं म्हणून परवाना काढला, आणि चार वर्षं झाली .३२ चं रिव्हॉल्वर बाळगतोय. मी काय मोठा नेमबाज नाही पण गोळ्या बऱ्यापैकी उडवल्यात, .२२ पण आणि .३२ पण.

पहिलं म्हणजे ते नऊ का पंचेचाळीस हे भांडण आपलं नव्हेच. पोरं मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतात, तिथं माणूस दुकानात जाऊन पाहिजे ते घेतो, आपल्याकडं आर्म्स ॲक्ट १९५९ चा आणि नियम २०१६ चे, आणि त्यात नऊ एमएम हे बंदी असलेलं बोर (बोर म्हंजे नळीच्या आतली रुंदी), पंचेचाळीस ऑटोमॅटिकचं पण तेच. साध्या माणसाला जिल्हाधिकारी किंवा पोलीस कमिशनर परवाना देतो तो बिनबंदीच्या बोरचा, म्हंजे हातात धरायच्या हत्यारात व्यवहारात .२२ आणि .३२, संपला विषय. आमचे एक सुभेदार मामा मराठा लाईट इन्फंट्रीतनं रिटायर झालेत, त्यांनी सर्व्हिसला इशापूरच्या सरकारी कारखान्याचं ब्राउनिंग पद्धतीचं नऊ एमएम पिस्तूल वापरलेलं, मॅगझिनमधे म्हंजे गोळ्यांच्या डब्यात तेरा राऊंड, ते म्हणतात इतकी वर्षं सरकारनं माझ्या हातात दिलं आणि पेन्शन सुरू झाल्यावर म्हणतंय हे तुझ्यासाठी नव्हे. हसत हसतच म्हणतात पण मनात हाय त्यांच्या.

तरी पण आकडे बघून घ्या, कारण त्यातनं एक गंमत कळते. गोळी नळीतनं बाहेर पडताना तिच्यात किती ताकद असते ती ज्यूलमधे मोजतात, आणि काडतुसाप्रमाणं, नळीच्या लांबीप्रमाणं थोडं मागंपुढं होतं. .२२ लाँग रायफलची (हे नाव काडतुसाचंच, पिस्तुलात पण चालतं) पिस्तुलातनं साधारण १३० ते १४०, .३२ रिव्हॉल्वरची १५० च्या आसपास, .३२ पिस्तुलाची १७० ला टेकते, आणि नऊ एमएम एकदम ४७० ते ५०० वर. म्हंजे आपलं .३२ नऊ एमएमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. आणि पंचेचाळीस? त्याची गोळी पंधरा ग्रॅमची, नऊ एमएमच्या जवळजवळ दुप्पट जड, पण चालते हळू, त्यामुळं ती पण पाचशेच्याच घरात येते! ज्याच्यासाठी पोरं एकमेकांच्या उरावर बसतात ते दोन्ही तराजूत जवळपास सारखेच. अमेरिकेच्या एफबीआयची, म्हंजे तिथल्या केंद्रीय तपास पोलिसांची, गोष्ट पण ऐकण्यासारखी आहे. १९८६ ला मायामीत गोळीबार झाला, दोन एजंट गेले, पाच जखमी, आणि एका गुन्हेगाराला लागलेली नऊ एमएमची गोळी काळजाच्या थोडी अलीकडंच थांबली असं निघालं, मग त्यांनी मोठ्या गोळीचा ध्यास घेतला, आधी दहा एमएम, मग १९९० ला आलेलं .४०. आणि पंचवीस तीस वर्षांनी काय झालं, परत नऊ एमएमवरच आले, कारण एक तर गोळीची बनावट सुधारली होती आणि दुसरं म्हंजे बार होताना हाताला कमी झटका देणाऱ्या हत्यारानं त्यांची माणसं लवकर आणि नेमकी मारत होती. एवढा खर्च करून त्यांना जे कळलं ते सुभेदार मामा अंगणात खुर्ची टाकून फुकट सांगतात, "गोळी लागली पायजे रे, लागली नाही तर तोफ असली तरी काय उपयोग."

आता .२२. हे काडतूस १८८७ चं, बघायला पेन्सिलच्या तुकड्याएवढं, पण नेमबाजीची सगळी शाळा याच्यावर चालते. २५ मीटर पिस्तुलाचे ऑलिंपिकचे प्रकार .२२ वरच होतात, लंडन २०१२ ला विजय कुमारला रॅपिड फायरमधे रौप्य मिळालं ते याच बोरवर, आणि आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते पण २५ मीटर .२२ पिस्तुलावर. झटका नावाला, आवाज कमी, गोळी स्वस्त, त्यामुळं एका बैठकीत पन्नास गोळ्या मारल्या तरी हात आणि खिसा दोन्ही शाबूत. मी पहिल्यांदा मारली तेव्हा चाप ओढताना डोळे मिटत होतो आणि मलाच कळत नव्हतं, शिकवणाऱ्यानं गुपचूप मधे एक रिकामी पुंगळी घातली, बार झालाच नाही आणि माझी नळी मात्र चार बोटं खाली गेलेली सगळ्यांनी बघितली. ती खोड .२२ नंच गेली, .३२ वर सुरुवात केली असती तर जन्मभर राहिली असती.

पण स्वतःच्या बचावाला .२२ मी घेणार नाही आणि कुणाला घ्या म्हणणार पण नाही. ताकद कमी हे एक झालं, खरं कारण वेगळं. याची बारूद पेटवायचा मसाला काडतुसाच्या कडेच्या घडीत भरलेला असतो, मधोमध टोपी नसते, आणि तो सगळीकडं सारखा पसरला नसला की टक् करून आवाज येतो आणि गोळी सुटत नाही. रेंजवर काय हरकत नाही, नळी टार्गेटकडंच धरून थोडं थांबायचं आणि मग काढायची, पण अंधारात समोर माणूस उभा असताना ते टक् ऐकायचं नाही मला. हलकी .२२ रिव्हॉल्वरं पण निघालीत, निडर नावाचं तर अडीचशे ग्रॅमच्या आसपास आहे, पर्समधे मावतं, पण हलकं आणि आखूड नळीचं हत्यार नेमाला किती अवघड ते हातात धरल्याशिवाय कळत नाही.

.३२ म्हटल्यावर लोकांना वाटतं एकच गोळी. तिथंच घोटाळा हाय. रिव्हॉल्वरची .३२ म्हंजे स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ ची, लांब पुंगळी आणि बुडाला रुंद कड. पिस्तुलाची .३२ म्हंजे एसीपी, बंदुका घडवणाऱ्या ब्राउनिंग साहेबानं १८९९ ला काढलेली, आखूड. दोन्हीला बाजारात बत्तीसच म्हणतात. मी एकदा काडतुसं आणायला गेलो, दुकानाचं नाव घेत नाही, गल्ल्यावरच्या पोरानं परवाना बघितला, रजिस्टरमधे लिहिलं, आणि पाकीट काढून दिलं ते पिस्तुलाचं. नशीब मी तिथंच उघडून बघितलं. आखूड गोळी कधीकधी रिव्हॉल्वरच्या घरात बसते पण, आणि तिचा दाब जास्त असतो, तर तसला उद्योग चुकून पण करायचा नाही. वर तो पोरगा मलाच म्हणतो, "काय्येक फरक नसतोय ओ." दुसऱ्या खेपेला त्याच दुकानातनं काळी पडलेली, कडेला हिरवा गंज धरलेली काडतुसं आली, ती मी परत केली. पाकीट घरी येऊन नाही, गल्ल्यावरच उघडायचं.

पिस्तूल चपटं असतं, शर्टाखाली दिसत नाही, मॅगझिनमधे गोळ्या जास्त, ताकद थोडी जास्त. तरी मी रिव्हॉल्वर घेतलं आणि परत घ्यायची वेळ आली तरी तेच घेईन. गोळी फुसकी निघाली तर पिस्तुलाला दुसऱ्या हातानं स्लाईड, म्हंजे वरचा सरकता भाग, ओढावी लागते, रिव्हॉल्वरला नुसता परत चाप ओढायचा, पुढची गोळी समोर येते. शिवाय आपल्यासारखा माणूस वर्षातनं किती वेळा मारणार, महिनोन् महिने कपाटात पडून राहणारं हत्यार जितकं साधं तितकं बरं. खोट एकच, घोडा (काडतुसावर आपटतो तो मागचा भाग) न चढवता मारायचं तर चाप जड लागतो, सगळ्याच रिव्हॉल्वरांना लागतो, आणि त्या ओढाओढीत नळी बाजूला पळते. घोडा आधी चढवून मारलं की चाप एकदम हलका, पण घाबरलेल्या हातात चढवलेला घोडा म्हंजे दुसरंच संकट. सराव करायचा तो जड चापाचाच.

आणि मजा बघा, ज्या .३२ लाँगला बचावासाठी लोक नाकं मुरडतात, ती टार्गेटवर राणी आहे राणी! २५ मीटर सेंटर फायर, म्हंजे मधोमध टोपी असलेल्या काडतुसांच्या प्रकारात गोळी ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरच्या मधली लागते, आणि त्यात जगभरचे नेमबाज हीच काडतुसं वापरतात, सपाट तोंडाच्या गोळीची, कागदाला पंचिंग मशीननं पाडल्यासारखं गोल भोक पडतं. आपल्या जसपाल राणानं १९९४ ला हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते सेंटर फायरमधे, आणि २००६ ला दोह्याच्या आशियाई स्पर्धेत ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली ती पण त्यातच. आपल्या साध्या रिव्हॉल्वरला आखूड नळी आणि नेम धरायची न हलणारी माशी, त्याच्याकडनं तसली अपेक्षा करू नका, पण दहा मीटरवर ताटलीएवढ्या गोलात सहाच्या सहा बसायला तीन चार महिन्यांचा सराव पुरतो, माझ्या बसल्या.

नवीन घेणाऱ्यांना .३२ रिव्हॉल्वरची दोन देशी नावं ऐकायला मिळतात. निर्भीक २०१४ ला कानपूरला आलं, टायटॅनियमचं मिश्र धातू, पाचशे ग्रॅम, बायकांच्या पर्ससाठी म्हणून जाहिरात झाली, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात, आता सांगा कुठल्या बाईनं घ्यायचं. दुसरं प्रबल, २०२३ चं, सातशे ग्रॅम, ७६ मिलिमीटर नळी, आणि गोळ्यांचं चक्र बाजूला उघडतं, जुन्यासारखं मधनं मोडायला लागत नाही. पन्नास मीटरची रेंज असं सांगतात त्याची. पन्नास मीटर म्हंजे आमच्या गल्लीचं या टोकाचं देऊळ ते त्या टोकाची गिरणी. तेवढ्या लांबच्या माणसावर गोळी झाडून मी जिवाच्या भीतीनं झाडली असं कोर्टाला पटवून दाखवा. भारतीय न्याय संहितेत बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मधे दिलाय, पण लागेल तेवढाच, त्याच्यावर नाही. बचावाचं खरं अंतर पडवीएवढं, तीन चार मीटर. तेवढ्यात .३२ ची सहा ग्रॅमची शिशाची गोळी कमी पडेल असं मला वाटत नाही. उलट दुसरीच भीती वाटते, आपल्याकडं मिळते ती बहुतेक गोल टोकाची, आत फुलत नाही, सरळ जाते, आणि माझ्या घरात खोलीच्या मधे फळ्यांची भिंत आहे, पलीकडं आई झोपते. नऊ एमएम नाही मिळत म्हणून रडणाऱ्यांनी आपल्या घरातल्या भिंती आधी ठोकून बघाव्यात.

आता आपल्या भागाचं दुखणं. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, माझं कर्नाटकापुरतं. बेळगावातनं वेंगुर्ला रोडला लागलो की बाची, आणि पुढं शिनोळी आली की महाराष्ट्र, तिथं माझं कायदेशीर रिव्हॉल्वर बेकायदा होतं. माझा अर्धा माल त्या बाजूला, म्हंजे ज्या रस्त्यासाठी घेतलं त्या रस्त्याच्या अर्ध्यात घरी ठेवून जायचं! कोल्हापूरला सरावाला नेऊ म्हटलं तर निपाणी ओलांडली की तीच कथा. सीमाप्रश्न लोक भाषणात ऐकतात, मी कमरेला बांधून फिरतो. संपूर्ण भारताचं क्षेत्र मिळायला अर्ज केलाय. आणि इलेक्शन लागलं की हत्यार स्टेशनला जमा करा म्हणून नोटीस, ती कन्नडमधनं येते, शेजारच्या मास्तरांकडनं वाचून घेतो. निकाल लागून पंधरा दिवस झाले तरी मिळत नाही कधीकधी, आणि परत मिळतं तेव्हा एकदा नळीत गंजाचा थर होता, तेलाचं फडकं सोबत देऊन पण कुणी पुसलं नव्हतं. जमा करताना पावतीवर नंबर, गोळ्यांची संख्या आणि स्थिती तिन्ही लिहून घ्या.

खानापूरकडचे काही जण विचारतात की भातात डुकरं येतात, जांबोटी कणकुंबीकडं अस्वल पण भेटतं, मग .३२ चालेल का. नाही चालणार. ही गोळी अस्वलाला राग आणेल तेवढीच, आणि डुकराला मारणं म्हंजे वन खात्याची केस. पीक राखणीला बारा बोरच्या बंदुकीचा परवाना वेगळा असतो, तिकडं चौकशी करा. आणि लग्नात हवेत बार काढायचा विचार असला तर माझ्याशी बोलूच नका, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा लाखभर दंड आहे, किंवा दोन्ही.

नुसता नेमबाजीचा नाद असेल तर यातलं कायच घेऊ नका, .१७७ ची एअर पिस्तूल, हवेच्या दाबानं पेलेट म्हंजे छर्रा मारणारी, घ्या. २० ज्यूलच्या आतली आणि .१७७ बोरची असली तर परवाना लागत नाही, मॅचची पिस्तूल तर पाच सहा ज्यूलचीच असते, दहा मीटर जागा आणि मागं पेलेट थांबवायची नीट सोय असली की झालं. मी मुलीसाठी घेतली, माडीवर जाड फळी, तिच्यामागं वाळूची पोती आणि पुढं कागद लावलाय. मामा रविवारी येतात, चष्मा पुसतात, पाच पेलेट मारतात आणि पाचही काळ्यात घालतात. मुलगी त्यांच्यापेक्षा दोन गुणांनी मागं आहे. मी आठ.